मनगट झटक, कोपर वर

यूट्यूबवर युकिको उएनो हे नाव टाका. ही जपानची सॉफ्टबॉल पिचर. तिचा कुठलाही व्हिडिओ निवडा, सेटिंगमध्ये जाऊन वेग ०.२५ वर आणा आणि फक्त उजव्या हाताकडे बघा. चेंडू सुटतो त्या क्षणी कोपर कुठं आहे? हात अंगापासून लांब आहे की बरगडीला लागलाय? मनगट खरंच काही करतंय का? दोन-तीनदा मागेपुढे करून बघा आणि मग परत इकडे या.

आम्हाला शाळेत पिचिंग शिकवलं गेलं ते एका मंत्रावर: ‘मनगट झटक, कोपर वर.’ चेंडू सोडताना मनगट खालून वर झटकायचं आणि मग कोपर असं उचलायचं की ते थेट कॅचरकडे बोट दाखवेल. आमच्या तालुक्याच्या गावात हे सांगणारे सर एकटे नव्हते. अमेरिकेत हजारो प्रशिक्षक अनेक दशकं हेच सांगत होते. तिकडे या पद्धतीला नावही आहे, ‘हॅलो एल्बो’. कोपर कॅचरला हॅलो म्हणतं म्हणून. गंमत अशी की उएनो हे करत नाही. ऑलिंपिकच्या पातळीवरच्या पिचरांचे व्हिडिओ सावकाश करून बघत गेलात, तर पूर्ण वेगाचा चेंडू टाकताना असं करणारी शोधूनच काढावी लागेल.

मग सगळं जग मुलींना हे का शिकवत होतं? या प्रश्नाच्या मागे लागून मी बरीच मागे गेले, थेट १८४५ पर्यंत.

त्या वर्षी न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबनं बेसबॉलचे नियम लिहून काढले. त्यात एक नियम असा की चेंडू ‘पिच’ करायचा, ‘थ्रो’ करायचा नाही. पिच करणं म्हणजे हात खाली ठेवून, झोका देऊन टाकणं. घोड्याचा नाल जमिनीत रोवलेल्या खुंटीकडे टाकायचा एक खेळ तिकडे आहे, त्यातही असंच ‘पिच’ करतात. म्हणजे पिचर हा मूळचा कुणी योद्धा नव्हे. बॅटरला मारता येईल असा चेंडू देणं, एवढंच त्याचं काम. आपण चार वर्षांच्या भाच्याला प्लॅस्टिकचा चेंडू टाकतो ना, तसं. खेळ खरा सुरू व्हायचा तो फटका बसल्यावर.

हे फार दिवस टिकणारं नव्हतंच. ब्रुकलिनच्या एक्सेल्सिअर संघात जिम क्रेटन नावाचा एक पोरगा आला. नियमाप्रमाणे हात खालीच, पण चेंडू इतका वेगात की बॅटर गोंधळून जायचे. हात सरळ आणि मनगट ताठ ठेवायचं असं बंधन तेव्हा होतं. क्रेटन चोरून मनगट झटकतो, फक्त ते इतकं झटपट होतं की कुणाला दिसत नाही, असा त्याच्यावर आरोप होता. १८६२ मध्ये वयाच्या २१व्या वर्षी तो वारला आणि त्याच्या मनगटाचा निकाल काही लागला नाही. ज्या मनगटाच्या झटक्याला तेव्हा लबाडी म्हणत, तोच पुढे शंभर वर्षांनी मुलींना ‘योग्य तंत्र’ म्हणून शिकवला गेला. आणि दोन्ही वेळेला वादाचं मूळ एकच होतं: तो क्षण डोळ्यांना दिसतच नव्हता.

क्रेटननंतर बेसबॉलचा पिचर हळूहळू हात वर नेत गेला. आधी मनगटाला मोकळीक मिळाली, मग हात कमरेच्या वर गेला, आणि १८८४ साली नॅशनल लीगनं डोक्यावरून टाकायची परवानगी दिली. क्रिकेटमध्ये हीच गोष्ट वीस वर्षं आधी, १८६४ साली झाली होती. तिथंही सुरुवातीचे सगळे बोलर खालूनच टाकायचे. एकदा हात वर गेल्यावर खालून टाकणं हा पोरखेळ ठरला. १ फेब्रुवारी १९८१ ला मेलबर्नमध्ये ट्रेव्हर चॅपेलनं शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला, त्यानंतर तर ‘अंडरआर्म’ ही शिवीच झाली.

पण खालून टाकायची पद्धत पूर्णपणे मरत नाही. जागा कमी असली की ती परत उगवते. मुंबईच्या चाळींत आणि गल्ल्यांत अंडरआर्म क्रिकेट का खेळतात? धावत येऊन वरून टाकायला जागाच नसते, आणि टाकलं तर कुणाच्या तरी खिडकीची काच जाते. शिकागोत १८८७ साली नेमकं हेच झालं.

२४ नोव्हेंबरचा दिवस. फॅरागट बोट क्लब नावाच्या क्लबात तरुण मंडळी येल विरुद्ध हार्वर्ड या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. येल जिंकल्याची तार आली. आनंदाच्या भरात एकानं बॉक्सिंगचा ग्लोव्ह दुसऱ्याच्या अंगावर फेकला, त्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या सभासदाला यात खेळ दिसला. त्यानं ग्लोव्ह त्याच्याच नाडीनं गच्च बांधून चेंडू केला, फरशीवर खडूनं डायमंड आखला आणि दोन बाजू पाडल्या. बाहेर थंडी, आत व्यायामशाळेची चार भिंतींची जागा. चेंडू मोठा आणि मऊ, अंतर थोडं, मग टाकणार कसा? खालूनच. बेसबॉलनं खालचा हात सोडून तीन वर्षं झाली होती. त्या टाकून दिलेल्या पद्धतीला असं घर मिळालं.

पुढचं पटकन सांगते. १८९५ मध्ये मिनियापोलिसच्या लुईस रोबर या अग्निशमन दलातल्या माणसानं रिकाम्या वेळात जवानांना व्यायाम म्हणून असाच खेळ बाहेर मोकळ्यावर सुरू केला. त्याची बरीच नावं झाली. त्यातलं ‘किटन बॉल’, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा चेंडू, मला फार आवडतं. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव डेन्व्हरच्या वॉल्टर हाकनसननं १९२६ मध्ये सुचवलं. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मोठी स्पर्धा झाली आणि त्यानंतर नियम एकसारखे होत गेले. चेंडूचा घेर १२ इंचांवर स्थिरावला. आता तो अजिबात मऊ नाही, हे ज्याला एकदा नडगीवर लागलाय त्याला सांगायला नको. शिकागोत मात्र अजूनही १६ इंचांचा मऊ चेंडू ग्लोव्हशिवाय खेळतात. त्यासाठी त्यांची बोटं वाकडी झाली तरी चालतात.

*

आता खरा मुद्दा, हात.

खालून वेग कसा काढायचा? नियम एवढंच म्हणतो की चेंडू सुटताना हात कमरेखाली हवा आणि मनगट अंगाजवळून जायला हवं. त्याआधी हातानं काय करावं यावर बरीच मोकळीक होती, आणि त्या मोकळिकीतून घराणी तयार झाली. एका घराण्यात हात सरळ मागे, डोक्याच्याही वर न्यायचा आणि त्याच वाटेनं झटक्यात पुढे आणायचा. याला ‘स्लिंगशॉट’ म्हणतात. दुसऱ्यात हात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा. तिसऱ्यात खांद्याभोवती पूर्ण चक्र मारायचं, ते ‘विंडमिल’, म्हणजे पवनचक्की.

नावांबद्दल माझी एक तक्रार आहे. स्लिंगशॉट म्हणजे आपली बेचकी: मागे ताणायचं, पुढे सोडायचं. इथपर्यंत ठीक. पण पवनचक्की कशी फिरते? ठरावीक वेगानं, कंटाळवाणी, गोल. विंडमिल पिच तसा फिरतच नाही. आजोबा शेतात पाखरं राखायला गोफण फिरवायचे तेव्हा ती डोक्यावर गरगर फिरायची, मग एक टोक सुटायचं आणि गुंडा सूं करत जायचा. सगळी गंमत त्या शेवटच्या क्षणी, काय थांबतं आणि काय सुटतं यात. या पिचला गोफण म्हटलं असतं तर शिकवणाऱ्यांचा निम्मा घोळ मिटला असता, असं मला वाटतं.

या घराण्यांतली दोन माणसं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिला एडी फाइग्नर. तान्हा असतानाच सोडून दिलेला, वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉला या गावात वाढलेला. १९४६ मध्ये एका संघाला हरवल्यावर त्यानं फुशारकी मारली की तुम्हाला मी फक्त कॅचर घेऊन हरवेन. मग हिशेब केला. दोघंच असतील आणि दोघंही बेसवर पोचले तर बॅटिंग कोण करणार? तिघं केले तरी तीन बेस भरले की तोच प्रश्न. म्हणून चार. नऊ जणांच्या संघाविरुद्ध चौघं उतरले आणि ७-० नं जिंकले. ‘द किंग अँड हिज कोर्ट’ या नावानं हा चौघांचा संघ पुढे पन्नासहून जास्त वर्षं गावोगाव खेळत फिरला. डोळ्यांवर पट्टी बांधून, पायांमधून, पाठीमागून, थेट दुसऱ्या बेसवरून, फाइग्नर कसाही टाकायचा. तमाशाच होता तो, अगदी आपल्या अर्थानंही. पण १९६७ मध्ये डॉजर स्टेडियमवर एका प्रदर्शनी सामन्यात त्यानं विली मेज, विली मॅककव्ही, ब्रूक्स रॉबिन्सन, रॉबर्टो क्लेमेंटे, मॉरी विल्स आणि हार्मन किलब्रू यांना ओळीनं बाद केलं. बेसबॉल बघत नसाल तर एवढंच ध्यानात घ्या की ही नावं म्हणजे त्या काळचे गावसकर, रिचर्ड्स आणि त्यांचे सोबती.

दुसरी जोन जॉइस. कनेटिकट राज्यातल्या वॉटरबरीची. ती ज्या संघात होती त्याचं नाव ब्रेकेट्स, कारण तो रेबेस्टॉस नावाच्या गाडीचे ब्रेक लायनिंग बनवणाऱ्या कारखान्याचा संघ होता. १९६१ मध्ये तिच्याच गावात एका निधीसाठी प्रदर्शन ठेवलं होतं आणि समोर होता टेड विल्यम्स, अख्ख्या हंगामात ०.४०० च्या वर सरासरी राखणारा आजवरचा शेवटचा मेजर लीगचा फलंदाज. जॉइस जेमतेम विशीतली. दहा-पंधरा मिनिटं ती टाकत राहिली. विल्यम्सच्या बॅटला चेंडू कसाबसा एक-दोनदा लागला, आणि शेवटी बॅट टाकून तो चालू लागला. जॉइसचं घराणं मात्र विंडमिलचं नाही, स्लिंगशॉटचं. लांब चक्र न मारता, मागेपुढे एवढ्याच हालचालीत ती हे करायची.

स्लिंगशॉट मग संपलं का? वाईट होतं म्हणून नाही. १९७६ मध्ये न्यूझीलंडमध्ये पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत टाय स्टॉफलेट हा डावखुरा २० डाव स्लिंगशॉटनं टाकत राहिला आणि १-० नं जिंकला. पण पूर्ण चक्रात हाताला वेग घ्यायला लांब रस्ता मिळतो. तेवढाच वेग कमी ताकदीत निघतो आणि तो शिकवायलाही सोपा. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या खेळांना पैसा आणि शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. पिचर लाखोंनी तयार करायच्या झाल्या, तेव्हा सोपं घराणं टिकलं. संगीतातही याहून वेगळं काय झालं?

*

थोडं गणित, कारण ‘खालून टाकलेला चेंडू असून असून किती वेगवान असणार’ हा प्रश्न मला आजही लग्नकार्यात विचारला जातो.

बेसबॉलमध्ये पिचर आणि होम प्लेट यांत ६० फूट ६ इंच अंतर. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये ४३ फूट, आणि त्याआधी आंतरराष्ट्रीय सामन्यांत बरीच वर्षं ४० फूटच होतं. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडते, म्हणून प्रत्यक्ष अंतर साधारण ३७ फूट धरा. ताशी १०५ किलोमीटरचा चेंडू हे अंतर ०.३९ सेकंदात कापतो. बेसबॉलमधला ताशी १५३ किलोमीटरचा चेंडू सुमारे ५५ फुटांना तेवढाच वेळ घेतो. म्हणजे बॅटरच्या हाती वेळ सारखाच. शिवाय हा चेंडू गुडघ्या-मांडीच्या उंचीवरून वर चढत येतो. ‘राइज बॉल’ हवेत मध्येच उडी मारतो असं बॅटरला वाटतं. तसं होत नाही, उलट्या फिरकीमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो इतकंच. पण बॅट त्याच्याखालून जायला तेवढं पुरतं.

२००४ मध्ये जेनी फिंचनं एका प्रदर्शनी सामन्यात अल्बर्ट पुहोल्स, माइक पियाझा आणि ब्रायन जाइल्स या तिघांना बाद केलं. डेव्हिड एपस्टीनच्या ‘द स्पोर्ट्स जीन’ या पुस्तकाची सुरुवातच या प्रसंगानं होते. त्याचं म्हणणं असं की मोठे फलंदाज चेंडू बघून मारत नाहीत. तेवढा वेळच नसतो. ते समोरच्याचा खांदा, हात, मनगट वाचतात, आणि ही लिपी त्यांनी लहानपणापासून वरून टाकणाऱ्यांची शिकलेली असते. फिंचच्या हाताची लिपीच वेगळी. मोडी वाचायला बसवलेल्या देवनागरीच्या पंडितासारखी त्यांची अवस्था झाली.

पुहोल्सला तिचा हात वाचता आला नाही यात नवल नाही. पण शिकवणाऱ्यांनाही तो वाचता येत नव्हता, ही माझ्या दृष्टीनं जास्त मोठी गोष्ट आहे.

*

पूर्ण वेगाच्या विंडमिलमध्ये काय घडतं ते आता सावकाश बघू. पिचर मागच्या पायानं पट्टीला रेटून पुढे झेपावते. हात वर जाऊन मागे उतरू लागतो तोवर पुढचा पाय जमिनीवर रोवला जातो. इथं ब्रेक लागतो, शरीर थांबतं. गोफणीची दोरी हातात अडकून राहते तसं. आणि थांबलेल्या शरीराचा सगळा वेग हातात शिरतो. दंड आधी येऊन बरगडीशी थांबतो. कोपर किंचित वाकलेलं, ते पुढे. हात आणि चेंडू मागे रेंगाळलेले. मग हाताचा पुढचा भाग मांडीच्या वरच्या बाजूला घासून, मुळापासून आत वळत सटकन जातो. अंगठा आतल्या बाजूला फिरतो. चेंडू सुटतो. त्यानंतर हात सैल पडून अंगासमोर कुठंही जातो. कोपर वर गेलं तर गेलं, नाही तर नाही.

हा आसूड आहे. मूठ थांबते तेव्हा आसुडाचं टोक कडाडतं. नदीच्या पाण्यावर चपटा दगड टप्पे घेत जावा म्हणून तुम्ही कधी फेकला असेल तर हात हेच करतो. कोपर कमरेशी, मग पुढचा हात आत वळतो. हे कुणी शिकवलं नव्हतं.

‘मनगट झटक, कोपर वर’ या मंत्राप्रमाणे वागायचं तर हात मागून खाली येताना तळवा जमिनीकडे करून चेंडू ढकलत आणावा लागतो, मग तळवा वर करून उचलावा लागतो. आसूड ढकलून वाजत नाही. हे हाय-स्पीड कॅमेऱ्यांनी दाखवलं, आणि नंतर प्रत्येकाच्या खिशातल्या फोननं. गेल्या वीसेक वर्षांत अमेरिकेत यावरून प्रशिक्षकांची अक्षरशः भांडणं झाली. सगळ्यात मजेदार पुरावा म्हणजे नामवंत पिचरच होत्या. शिबिरात मुलींना सावकाश करून दाखवताना त्या मनगट झटकायच्या, कोपर वर न्यायच्या. सामन्यात पूर्ण वेगात त्यांचाच हात भलतंच काही करायचा.

त्या खोटं बोलत नव्हत्या, असं माझं मत आहे. त्यांना जे जाणवत होतं ते त्या सांगत होत्या. गाण्याचे गुरुजी ‘आवाज पोटातून काढ’ म्हणतात. आवाज पोटातून येत नाही, हे त्यांनाही माहीत असतं. पण गाताना जे जाणवतं त्याला तेच शब्द सापडतात. आसूड वाजतो तेव्हा मनगट आपोआप पुढे फेकलं जातं, आणि आपणच ते झटकलं असं वाटतं. परिणामाला कारण समजलं गेलं. शिष्यांनी मग तेवढंच उचललं. ज्या मुलींचं अंग हुशार होतं त्या मंत्र तोंडानं म्हणत राहिल्या आणि हातानं आसूड वाजवत राहिल्या. बाकीच्या, आमच्यासारख्या, मंत्र खरोखर पाळत राहिल्या.

सरांवर राग नाही. भारतात सॉफ्टबॉलची संघटना १९६१ साली जोधपूरला सुरू झाली. तिथून हा खेळ शालेय स्पर्धांमधून आमच्यापर्यंत आला तो झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखा, नियमांचं पुस्तक आणि कुणाच्या तरी शिबिराच्या टिपणांतून. इंटरनेट नव्हतं. सरांनी स्वतः पिच टाकून टाकून हाताला घट्टे पाडून घेतले होते, आणि गावातल्या पंधरा मुलींना त्यांच्या घरच्यांशी वाद घालून मैदानावर आणलं होतं.

राग आहे तो दुसऱ्या एका वाक्यावर. विभागीय स्पर्धेत एका दिवशी आमचे तीन सामने झाले आणि तिन्ही मी टाकले, कारण दुसरी पिचर नव्हती. अशा संघांत नसतेच. तिसऱ्याच्या आधी मी म्हटलं, “सर, खांदा दुखतोय.” आयोजकांपैकी एक वयस्कर गृहस्थ शेजारी उभे होते, तेच हसून म्हणाले, “अगं बाळा, खालून तर टाकतेस. त्यात काय दुखायचंय?” सरांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि बर्फाची पिशवी आणायला कुणाला तरी पाठवलं. मी तिसरा सामना टाकला. आम्ही जिंकलो. कॉलेजमध्ये माझा उजवा हात पुस्तकांच्या वरच्या फळीपर्यंत जाईना तेव्हा मी खेळणं थांबवलं.

‘खालून टाकणं नैसर्गिक आहे, त्यानं इजा होत नाही’ हे वाक्य जगभर चालत आलंय, मंत्राइतकंच जुनं. १९९६ मध्ये अटलांटात सॉफ्टबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकला आलं, तेव्हा तिथल्या पिचरांचं चित्रीकरण करून संशोधकांनी खांद्यावरचा भार मोजला. हात खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढणारं बल शरीराच्या वजनाच्या साधारण ८० टक्के निघालं. बेसबॉलच्या पिचरांच्या आकड्यांजवळ जाणारं. पुढच्या एका अभ्यासात दिसलं की दंडाच्या बेटकुळीचा स्नायू वरून चेंडू फेकताना जेवढं काम करतो त्याहून जास्त विंडमिलमध्ये करतो, त्याच व्यक्तीचा. अमेरिकेतल्या लिटल लीगनं २००७ पासून मुलांच्या बेसबॉलमध्ये एका दिवसात किती पिच टाकायचे यावर मर्यादा घातली. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये अशी मोजणी रुजली नाही. मुलगे वरून टाकतात आणि मुली खालून, एवढ्या फरकावर कुणाचा खांदा मोजायचा ते ठरलं.

आता उएनोकडे परत जाऊ, आकड्यांसाठी.

बीजिंग, २० ऑगस्ट २००८. सकाळी उपांत्य सामना अमेरिकेशी, जादा डावांत गेलेला. उएनोनं १४७ पिच टाकले, जपान हरला. पण त्या वेळच्या पद्धतीत हरलेल्याला अजून एक संधी होती, त्याच दिवशी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. तो १२ डाव चालला. आणखी १७१ पिच. जपान जिंकला. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, पुन्हा अमेरिका, पुन्हा उएनो. ९५ पिच. जपान ३-१ नं जिंकला आणि सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतलेल्या अमेरिकेला रौप्यावर बसवलं. दोन दिवसांत ४१३. जपानमध्ये ‘४१३ चेंडू’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

मी या गोष्टीनं शाळेत असताना भारावून गेले होते. आता तीच गोष्ट वाचताना माझा खांदा आपोआप आखडतो. दोन्ही खरं आहे.

त्या वेळी सगळ्यांना माहीत होतं की हे शेवटचं आहे. सॉफ्टबॉल पुढच्या ऑलिंपिकमधून काढायचा निर्णय २००५ मध्येच झाला होता. लंडनला नव्हतं, रिओला नव्हतं. टोकियोत यजमान जपान म्हणून ते परत आलं, त्यातही महामारीमुळे वर्ष पुढे ढकललं. पॅरिसला पुन्हा नव्हतं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये आहे, पण सामने होणार दोन हजार किलोमीटर दूर ओक्लाहोमा सिटीत, कारण या खेळाचं खरं मोठं मैदान तिथं आहे.

२७ जुलै २०२१, योकोहामा. तेरा वर्षांनी पुन्हा जपान विरुद्ध अमेरिका, पुन्हा अंतिम सामना, आणि पट्टीवर पुन्हा उएनो. वय ३९. समोरच्या संघातली कॅट ऑस्टरमन ३८ ची, तीही बीजिंगला होती. पण या वेळी एक फरक होता. सहाव्या डावात उएनो दमली तेव्हा प्रशिक्षकांनी तिला बाहेर काढलं आणि मिउ गोतो या वीस वर्षांच्या डावखुऱ्या मुलीला आणलं. अमेरिकेचे दोन धावपटू बेसवर. फटका सणसणीत बसला, तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या मनगटावर आदळला आणि उडून शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हमध्ये गेला. झेल, आणि लगेच दुसऱ्या बेसवर आणखी एक बाद.

सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं. सातव्या डावात गोतो बाहेर गेली आणि पाणी पिऊन, बसून, विश्रांती घेतलेली उएनो परत आली. दोन धावांची आघाडी, तीन बाद हवे होते. तिनं ते काढले. सामना २-०.

तो शेवटचा डावही यूट्यूबवर आहे. ०.२५ वर लावून बघा.